विश्लेषण : दीडशे ग्रॅमचे लढाऊ रोबो चंद्रपूर-गडचिरोलीत लढवायचे, तर आधी पेटी का बांधावी लागेल?

हा मजकूर ज्या फोनवर उघडला आहे, त्याचे वजन साधारण 180 ते 200 ग्रॅम असेल. त्याहूनही हलके, चार इंचांच्या चौकोनी डब्यात मावणारे, दोन चाकांवर पळणारे आणि रिमोटने चालणारे एक यंत्र तशाच दुसऱ्या यंत्राला ढकलते, उलटे पाडते किंवा त्याचे चाक उडवते. दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो. हरलेला स्पर्धक लगेच सोल्डरिंग आयर्न तापत ठेवून दुरुस्तीला बसतो. छोट्या लढाऊ रोबोंचा हा छंद परदेशात शाळा, गॅरेज आणि घरातल्या टेबलावर वाढला. महाराष्ट्रात मात्र रोबोंची झुंज म्हटले की डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याच्या बड्या महाविद्यालयांतली, पोलादी पिंजऱ्यातली, काही लाख रुपयांची यंत्रे येतात. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला ती यूट्यूबवर पाहण्यापुरतीच जवळची असतात.

छोट्या वजनगटाने हे अंतर मिटू शकते. पैसा लागतो तो आवाक्यातला, सामान बरेचसे इथेच आहे आणि हात चालवणारे कारागीरही आहेत. अडचण आहे ती रोबो सुरक्षितपणे लढवण्याच्या जागेची. म्हणून शाळा, महाविद्यालये आणि विज्ञान केंद्रांनी पहिला खर्च रोबोवर करू नये, बंदिस्त पेटीवर करावा.

हा खेळ आला कुठून?

अमेरिकेत डेन्व्हरच्या हौशी मंडळींनी 1987 मध्ये ‘क्रिटर क्रंच’ नावाने छोट्या यंत्रांच्या झुंजी लावल्या. पुढे 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मार्क थॉर्प यांनी ‘रोबो वॉर्स’ भरवले. थॉर्प चित्रपटांसाठी मॉडेल बनवणारे कलाकार होते आणि रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवण्याच्या खटाटोपातून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. 1998 मध्ये त्याच नावाचा कार्यक्रम ब्रिटिश टीव्हीवर आला आणि 2000 मध्ये अमेरिकेत ‘बॅटलबॉट्स’ सुरू झाला.

टीव्हीवर दिसतात ते शंभर किलोंच्या आसपासचे राक्षस. छंद पसरला तो खालच्या गटांमुळे. ब्रिटनमध्ये 150 ग्रॅमच्या गटाला ‘अँटवेट’ म्हणतात, म्हणजे मुंगीचे वजन. अमेरिकेत हेच नाव एक पौंडाच्या, म्हणजे 454 ग्रॅमच्या गटाला आहे आणि दीडशे ग्रॅमवाल्याला तिथे ‘फेअरीवेट’ म्हणतात. त्यावर तीन पौंडांचा ‘बीटलवेट’ येतो. ऑनलाइन सुटे भाग मागवताना नावापेक्षा ग्रॅम पाहावेत. या नावांच्या गोंधळात अनेकांनी नको ती मोटर मागवली आहे.

महाराष्ट्र यात कुठे आहे?

मोठ्या यंत्रांच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत 1998 पासून ‘टेकफेस्ट’ भरतो आणि त्यातली ‘रोबोवॉर्स’ ही सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या स्पर्धांपैकी एक आहे. झुंज नसलेल्या ‘रोबोकॉन’ या आशियाई स्पर्धेची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात दोनदा झाली, 2008 आणि 2014 मध्ये. 2008 चा विषय तर थेट दहीहंडीचा होता. ‘गोविंदा’ या नावाने यंत्रांनी उंचावरचे लोणी काढायचे होते.

टेकफेस्टमध्ये गट असतात ते 15 किलो, 60 किलो असे. साठ किलोंचा रोबो बांधायला वेल्डिंग, सीएनसी, मोठ्या बॅटऱ्या आणि प्रायोजक लागतो. बांधून झाल्यावर तो बल्लारशाहहून मुंबईपर्यंत रेल्वेने न्यायचा कसा, हा वेगळा पेपर. गडचिरोली जिल्ह्यात तर रेल्वे वर्षानुवर्षे फक्त देसाईगंज-वडशाला शिवून जाते. दीडशे ग्रॅमचा रोबो मात्र डब्यासोबत दप्तरात मावतो.

खर्च किती, सामान कोणते?

सुरुवातीच्या रोबोला मोजकेच भाग लागतात. एन-20 नावाच्या, बोटाच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या दोन गिअर मोटर, त्यांचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर, रिमोट, रिसीव्हर आणि दोन सेलची लहान लिथियम पॉलिमर बॅटरी. ती चार्ज करायला सेल समतोल ठेवणारा चार्जर. पुण्यातल्या ‘रोबू’सारख्या ऑनलाइन दुकानांतून हे सगळे मिळते. साधारण आठ-नऊ हजारांच्या घरात पहिला संच उभा राहतो आणि त्यातले निम्मे पैसे रिमोटचे असतात. रिमोट एकदाच घ्यावा लागतो आणि त्यात अनेक रोबोंची सेटिंग साठवता येते. एका शाळेने दोन रिमोट घेतले, की दहा मुलांचे दहा रोबो आळीपाळीने लढू शकतात. असे हिशेब केले तर एका मुलामागचा खर्च क्रिकेटच्या बऱ्या बॅटइतका येतो.

रिमोट 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो. घरचे वायफाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात असते. ठरलेल्या क्षमतेच्या मर्यादेत या पट्ट्याला भारतात 2005 पासून परवाना लागत नाही. यंत्र उडत नसल्यामुळे ड्रोनचे नियमही लागू होत नाहीत.

सांगाड्यासाठी काय वापरायचे, या प्रश्नाला चंद्रपूरकडे बहुतेक शहरांपेक्षा चांगले उत्तर आहे. जगभरचे हौशी लोक ज्या दोन वस्तूंसाठी पैसे मोजतात, त्या इथल्या उद्योगांत रोज वापरल्या जातात. एक म्हणजे घासण्याला दाद न देणारे कडक पोलाद. खाणीतल्या डंपरच्या हौद्याला, एक्स्कॅव्हेटरच्या बकेटला ते लावतात. रोबोचे पाते त्याचेच करतात, कारण साधी लोखंडी पट्टी पहिल्याच टकरीत वाकते. दुसरे म्हणजे कोळशाच्या बंकरला आतून लावतात ते गुळगुळीत, चिवट, पांढरे-हिरवे प्लॅस्टिक. त्याचे लांबलचक नाव बाजूला ठेवले तरी चालेल, ते पॉलिथिनच्या कुळातले आहे आणि मार बसल्यावर तडकत नाही, फक्त खड्डा पडतो.

या पोलादाला साध्या ड्रिलने भोक पडत नाही. गॅस कटरने कापले तर कडेचा कडकपणाच जातो आणि पात्याचा उपयोग संपतो. ते लेझर कटिंगवाल्याकडून किंवा पाण्याच्या झोताने कापून घ्यावे. ग्राइंडरने कापायचे तर सावकाश, गार करत. आणि कोळसा पट्ट्यात भंगाराच्या चोरीचे गुन्हे नवे नाहीत, तेव्हा तुकडा कितीही लहान असो, तो बिलासकट घ्यावा.

खाणीपासून दूर असलेल्यांसाठीही मार्ग आहे. भाजी कापायचा पांढरा प्लॅस्टिकचा बोर्ड हा रोबोचा उत्तम तळ होतो. शेतातल्या तुषार सिंचनाचा फुटका एचडीपीई पाइप उभा चिरून, हीटगनने मऊ करून सपाट केला की तेच काम होते. बांबूचे काय, हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत येणारच. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, मेंढा-लेखासारख्या गावाने बांबूवरचा सामूहिक हक्क मिळवून देशाला दाखवला आहे. बांबू ओढीला जबरदस्त मजबूत असतो, पण धाग्याच्या दिशेने फटकन चिरतो. फक्त ढकलणाऱ्या रोबोला बांबूची पट्टी चालेल. फिरत्या पात्यासमोर तिच्या काड्या होतात. आडव्या-उभ्या थरांचे बांबूचे प्लाय वापरले तर हा दोष बराच कमी होतो, आणि कोणी तरी करून पाहावे असा हा प्रयोग आहे.

एवढासा रोबो किती धोकादायक?

आठवीतल्या भौतिकशास्त्राला इथे दात फुटतात. फिरत्या चकतीत साठणारी ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट केले तर ऊर्जा चौपट.

समजा, दीडशे ग्रॅमच्या रोबोवर 30 ग्रॅमची, 5 सेंटिमीटर व्यासाची चकती आहे आणि ती मिनिटाला 15 हजार फेरे घेते. तिच्यात साधारण 11 ते 12 ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे एक किलोचे वजन सुमारे 1.2 मीटरवरून पायावर पडले, तर जेवढी तेवढी. आता एक पौंडाच्या रोबोवर 100 ग्रॅमची, 10 सेंटिमीटर व्यासाची चकती 12 हजार फेऱ्यांनी फिरवा. ऊर्जा जवळपास 100 ज्यूल होते. एक किलोची वीट तिसऱ्या मजल्यावरून खाली आली, असे समजा.

तुलनेसाठी कायद्याकडे पाहता येईल. भारतात 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्याच्या पाचपट ऊर्जा या खेळण्यात आहे आणि ते कोणताही दहावीतला मुलगा ऑनलाइन सुटे भाग मागवून जोडू शकतो. या चकतीच्या कडेचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास असतो. तिथला एक दात किंवा स्क्रू तुटला, तर तो त्याच वेगाने कोणाच्या तरी दिशेने निघतो. डोळ्याला लागला तर परिणाम सांगायला नको.

म्हणून हा छंद आधी पाटावर, वर्गातल्या फरशीवर ‘सध्या असेच’ सुरू करू आणि पेटी पुढच्या वर्षी पाहू, ही सवय इथे चालणार नाही. एखाद्या मुलाचा डोळा गेला, की त्या जिल्ह्यात पुढची दहा वर्षे कोणताही मुख्याध्यापक या खेळाला परवानगी देणार नाही, आणि त्याचे चुकणारही नाही.

पेटी म्हणजे नेमके काय?

चौकट साधी आहे. ग्रील-गेट करणारा कोणताही वेल्डर स्क्वेअर पाइपची चौकट दोन दिवसांत उभी करतो. खाली जाड प्लायवूड किंवा पत्रा, कडेने लाकडी पट्टी. महत्त्वाचे ते पारदर्शक पत्रे. ते पॉलिकार्बोनेटचेच हवेत. दुकानात ‘न फुटणारी काच’ म्हणून अनेकदा ॲक्रिलिक हातात ठेवले जाते. दिसायला दोन्ही सारखी. पण ॲक्रिलिकला जोराचा मार बसला की त्याच्या धारदार कपच्या उडतात. पॉलिकार्बोनेट वाकते, पोचा येतो, पण तुकडे होऊन उडत नाही. खात्री करायची सोपी रीत म्हणजे कोपऱ्याची पट्टी पकडीत धरून वाकवून पाहणे. ॲक्रिलिक कडकन मोडते.

छत विसरू नये. उभ्या चकतीचा रोबो समोरच्याला वरच फेकतो आणि छत नसलेली पेटी म्हणजे झाकण नसलेला प्रेशर कुकर. दाराला कडी हवी. दार उघडे असताना कोणाच्याही हातात चालू रिमोट नको. पत्र्याची जाडी सर्वांत जड रोबोच्या हत्याराकडे बघून ठरवायची, शिल्लक पैशांकडे बघून नाही. पैसे कमी असतील तर जाडीला कात्री लावण्याऐवजी फिरत्या हत्याराला मनाई करावी आणि पहिले वर्ष फक्त ढकलणारे, पाचरीसारखे उतरत्या तोंडाचे आणि उचलून उलटवणारे रोबो लढवावेत. ब्रिटनमध्ये दीडशे ग्रॅमच्या आखाड्याला खड्डा असतो. त्यात प्रतिस्पर्ध्याला ढकलले की सामना जिंकला. त्यामुळे हत्यार नसलेला रोबो तिथे दुय्यम ठरत नाही, चालवणाऱ्याचे कसब निकाल फिरवते.

आत जाण्याआधी प्रत्येक रोबोची तीन कामे तपासतात. रिमोट बंद केला की रोबो जागीच थांबला पाहिजे. बॅटरीचा पुरवठा बाहेरूनच तोडता येईल अशी कडी किंवा स्विच हवा. आणि हत्याराला कुलूप, म्हणजे पात्यातून आरपार जाणारी खिळी हवी, जी पेटीत ठेवल्यावरच निघते. नियमांचा मसुदा नव्याने लिहायची गरज नाही. ‘स्पार्क’ नावाचे प्रमाणित नियम उपलब्ध आहेत. ब्राझीलच्या रियो शहरातील ‘रायोबॉट्झ’ संघाने लिहिलेले लढाऊ रोबोंचे जाडजूड मार्गदर्शक पुस्तकही मोफत उतरवून घेता येते. त्याचा मराठीत निदान सारांश झाला तर आयटीआयच्या मुलांना मोठा फायदा होईल.

बॅटरी आणि मे महिन्याचे काय?

लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट दाखवतो. तो 3 व्होल्टच्या खाली नेला की खराब होतो आणि जास्त भरला की पेटू शकतो. चार्जिंग कोणी तरी समोर असतानाच, जवळ वाळूची बादली ठेवून, विटेवर किंवा फरशीवर करायचे. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. जुन्या फोनची किंवा लॅपटॉपची बॅटरी काढून लावण्याचा ‘जुगाड’ इथे अजिबात चालत नाही, कारण एवढा करंट एकदम देण्यासाठी ती बनलेलीच नसते.

एक अडचण मुंबईच्या कोणत्याही मार्गदर्शक व्हिडीओत सापडणार नाही. या बॅटऱ्या चार्ज करण्याची वरची तापमान मर्यादा बहुतेक वेळा 45 अंश सेल्सिअस दिलेली असते. मे महिन्यात दुपारी चंद्रपूरचा पारा नेमका तिथेच असतो, अनेकदा वरही. थ्रीडी प्रिंटरवर सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत त्याहून जास्त तापते. रोबोचा सांगाडा परत येईपर्यंत पापडासारखा वाकलेला असतो.

पालक आणि पोलिसांचे प्रश्न

अभ्यास सोडून मारामारीची खेळणी कशाला, हे पालक विचारतील. या भागात झुंजीची आवड नवी नाही. कोंबडबाजारावर धाड पडल्याची बातमी वर्तमानपत्रात सतत येते. तिथे पायाला काती बांधलेला जीव मरतो आणि पैसा लावला जातो. इथे तुटतात ते दोनअडीचशे रुपयांच्या मोटरचे दात, आणि ते बदलायला वीस मिनिटे पुरतात. दीडशे ग्रॅमची मर्यादा असल्यामुळे मुलाला प्रत्येक ग्रॅमचा हिशेब करावा लागतो. चाक जाड केले तर पाते हलके करावे लागते, बॅटरी मोठी घेतली तर सांगाडा पातळ. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत ही ओढाताण कागदावर शिकवली जाते, हाताला ती फार क्वचित जाणवते.

गडचिरोलीसाठी आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ज्या जिल्ह्याने भूसुरुंगांचे स्फोट पाहिले आहेत, 1 मे 2019 रोजी जांभूळखेड्याजवळ 15 पोलीस गमावले आहेत, तिथे बसच्या तपासणीत पिशवीतून बॅटरी, वायर आणि रिमोट निघाला तर जवान प्रश्न विचारणारच. त्यात मुलाचा दोष नाही आणि जवानाचाही नाही. शाळेच्या शिक्क्याचे पत्र, सामानाचे बिल आणि प्रवासात रोबोपासून सुटी केलेली बॅटरी एवढे सोबत असावे. स्पर्धा भरवणाऱ्याने जवळच्या ठाण्याला आधी कळवावे. पोलिसांना उद्घाटनाला बोलावले तर उत्तमच.

पैसा कुठून येणार?

अटल टिंकरिंग लॅब योजना 2016 मध्ये सुरू झाली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी निवडलेल्या शाळेला उभारणी आणि देखभालीसाठी मिळून 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान यात आहे. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी 50 हजार लॅबची घोषणा झाली. थ्रीडी प्रिंटर, मोटर, सेन्सर हे या लॅबच्या यादीत असतेच. ज्या शाळेत प्रिंटर प्लॅस्टिकच्या वेष्टनात आणि लॅबची किल्ली शिपायाच्या खिशात असते, तिथे मुलांनी दर शनिवारी दार वाजवावे यासाठी दुसरे कोणते कारण सापडेल?

प्रत्येक शाळेने स्वतंत्र पेटी बांधण्याची मात्र गरज नाही. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 पासून आहे. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, तिथे टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागाने प्रशिक्षण केंद्रही उभे राहिले आहे. दोन जिल्ह्यांत दोन पेट्या पुरेत, फक्त त्या फिरत्या हव्यात. म्हणजे पत्रे नटबोल्टने सुटणारे, एकेक भाग वर्गाच्या दारातून आत जाणारा आणि सगळे मिळून एका पिकअपमध्ये मावणारे. सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरहून दूर आहे. तिथल्या मुलाने रोबो घेऊन यायचे की पेटीने तिथे जायचे, याचे उत्तर चौकटीचे वेल्डिंग करतानाच ठरते.

वेळापत्रकही इथल्या ऋतूंनीच ठरेल. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मे महिन्यात बॅटऱ्या चार्ज होत नाहीत. उरतो तो दिवाळीनंतरचा काळ, जेव्हा गावोगावी मंडई भरते, दिवसा शंकरपट पळतो आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते. शंकरपट संपून नाटकाची घंटा होईपर्यंत मधले दोन-तीन तास रिकामे असतात. तेवढ्या वेळात दीडशे ग्रॅमच्या सोळा रोबोंची बाद फेरी आरामात पूर्ण होते.